वजन खरं सांगा

विक्रोळीच्या सिग्नलपुढे एक पेव्हर ब्लॉक
जागेवर नव्हता. एवढंच.
मागच्या चाकाचा आठ झाला, इंग्रजी आठ,
आणि मी सायकल खांद्यावर घेऊन
भांडुपपर्यंत चालत आलो, हेल्मेट न काढता,
म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हे ठरवूनच चाललंय.

ग्लॅडविन म्हणाला, कार्बन घे.
त्याच्या चाकांचा उतारावर जो घुमणारा आवाज येतो
तो मला हप्त्याचा वाटतो.
सत्तर हजार!
सत्तर हजारांत आमच्या सोसायटीची लिफ्ट चालू होईल
आणि तिच्यात ही सायकल उभी मावते.

दोन टाकीला, पत्र्याचे डबे ठोकणाऱ्यांच्या पलीकडे,
मुर्तझाभाई बसतात.
एक स्टूल, एक स्टँड, छताला टांगलेल्या रिमा,
इतक्या की पंख्याला जागा नाही.
त्यांनी चाकाकडे बघितलंच नाही.
माझ्याकडे बघितलं.
“वजन?”
ब्याऐंशी, मी म्हटलं.
ते पक्कड पुसत राहिले.
“खरा बोला साहेब. डॉक्टरला खोटा सांगितला
तरी तो गोळी देतो.
चाक देत नाही.”

एक्याण्णव.
“कपडे धरून?”
त्र्याण्णव.
“आणि बॅग?”

मग मी एकेक काढून दाखवू लागलो.
पावणेदोन किलोचं कुलूप. पंप. दोन ट्यूब.
डबा, आणि डब्यावर ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट.
आईच्या बीपीच्या गोळ्या, घाटकोपरहून आणतो,
तिथे दहा टक्के कमी.
आणि एक पान्हा,
जो या सायकलीला कुठेच लागत नाही,
पण केरसास्पजींनी सायकल विकताना
तो फडक्यात गुंडाळून सोबत दिला होता,
त्यामुळे टाकवत नाही.

“शंभर लिहितो,” मुर्तझाभाई म्हणाले.
लिहिलं. पेन्सिलीने, पुठ्ठ्यावर.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा
माझं वजन कुणी माझ्या बाजूने लिहिलं.

मागे छत्तीस तारा, पुढे बत्तीस.
रिम दुहेरी भिंतीची.
हब साधा, उघडता येणारा,
छर्रे कुठल्याही नाक्यावर मिळणारे.
टायर अठ्ठावीसचा, त्याहून बारीक मागू नका.
वीस तारांचं चाक दिसतं छान,
पण एक तुटली की ब्रेकला घासतं
आणि तुम्ही घरी फोन लावता.
छत्तिसांतली एक गेली तर उरलेल्या पस्तीस जणी
काही न बोलता तुम्हाला घरी आणून सोडतात.

रिमा अडीच हजार. हब चोवीसशे.
अडुसष्ट तारा, बारा रुपयाला एक, आठशे सोळा.
मजुरी आठशे.
“सोळा सोडले.”

मी स्टुलावर बसून बघत राहिलो.
ते तार ओवत, ओढत, नखाने छेडत,
कान खाली नेऊन ऐकत.
गिअरकडच्या तारा उंच बोलत होत्या,
पलीकडच्या जरा खालच्या पट्टीत.
बिघडलं काही? मी विचारलं.
नाही. मागचं चाक असंच असतं.
एका बाजूने जास्त ओढायचं, दुसरीने कमी,
तेव्हा कुठे ते मधोमध उभं राहतं.
हे त्यांनी सहज सांगितलं
आणि मला उगाच घरचं सगळं आठवलं.

“शंभर किलोमीटर झाले की परत या.
नवा ताण आहे, बसायला वेळ घेतो.”

दुसऱ्या दिवशी कांजूरच्या अलीकडे टण् झालं.
घाबरून उतरलो. तपासलं.
काही नव्हतं,
तार आपल्या जागी बसली होती.

विक्रोळीचा ब्लॉक अजून तसाच, म्हणजे नाहीच.
मी वेग कमी केला.
चाक मजबूत आहे म्हणून
मुद्दाम खड्ड्यात घालायचं नसतं.

आणि तो पान्हा
नव्या हबलाही लागत नाही.
रात्री लावून बघितला.